जिम लावण्याआधी काय काय तपासून घ्यावं?

चाफा

पुढच्या महिन्यापासून जिम लावायचं नक्की केलंय. वय ४४, दिवसभर बसून काम. रोज अर्धा तास चालते, तेवढाच व्यायाम. मला स्वतःला आजवर बीपी, शुगर काही निघालेलं नाही, पण वडिलांना ५२व्या वर्षी हार्ट अटॅक आला होता, त्यामुळे मनात धाकधूक आहे.

जिम बघायला गेले तेव्हा तिथे 'फ्री असेसमेंट' झालं. अनवाणी एका यंत्रावर उभं केलं, हातात दोन दांडे धरायला दिले आणि मिनिटभरात छापील कागद काढून दिला. चरबी ३६ टक्के, 'शरीराचं वय' ५३. लगेच समोर पर्सनल ट्रेनिंगचं पॅकेज. नाडी कुणी पाहिली नाही, बीपी घेतलं नाही, गुडघा-कंबर दुखते का एवढंही कुणी विचारलं नाही.

सुरुवात करण्याआधी खरोखर काय तपासायला हवं, कुणाकडून, आणि त्यातलं घरच्या घरी किती जमतं? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

हेरंब

सरळ फुल बॉडी चेकअप करून टाका. ईसीजी, टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी), स्ट्रेस टेस्ट (ट्रेडमिलवर चालताना काढतात तो ईसीजी), सगळं. हल्ली व्यायाम करताना कोसळल्याच्या बातम्या वाचल्या की भीती वाटते. एकदा रिपोर्ट हातात आले की निर्धास्त.

पायवाट

मी फिजिओथेरपिस्ट आहे. हा प्रश्न लोक दुखापत झाल्यावर विचारतात. तुम्ही आधी विचारलात याचं खूप बरं वाटलं.

हेरंब, काळजी रास्त आहे, पण सरसकट स्ट्रेस टेस्टचा आग्रह मी धरणार नाही. लक्षणं नसलेल्या आणि जोखीम कमी असलेल्या माणसात ही टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, मग त्यामागे आणखी तपासण्यांची रांग लागते. आणि नॉर्मल आली म्हणजे हमी मिळाली असंही नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने २०१५ मध्ये याबाबतची आपली पद्धत बदलली. आता ते मुख्यतः तीन गोष्टी बघतात : माणूस सध्या नियमित व्यायाम करतो का, हृदयाचा, चयापचयाचा (मधुमेह वगैरे) किंवा मूत्रपिंडाचा आजार किंवा त्याची लक्षणं आहेत का, आणि त्याला किती जोराचा व्यायाम करायचा आहे. डॉक्टरांकडे आधी जायचं की नाही, हे त्यावरून ठरतं.

त्याच्याही आधीची चाळणी म्हणजे पार-क्यू प्लस ही प्रश्नावली. पहिल्या पानावर सातच प्रश्न आहेत. हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब आहे असं डॉक्टरांनी कधी सांगितलंय का? बसल्या जागी, रोजची कामं करताना किंवा व्यायामात छातीत दुखतं का? गेल्या वर्षभरात चक्कर येऊन तोल गेला किंवा शुद्ध हरपली का? दुसरा कुठला जुनाट आजार आहे का? त्यासाठी गोळ्या चालू आहेत का? हाडं, सांधे, स्नायू यांचं असं दुखणं आहे का, जे हालचाल वाढवल्यावर बळावेल? आणि व्यायाम फक्त वैद्यकीय देखरेखीखाली करा असं कुणी सांगितलंय का? सातही उत्तरं 'नाही' असतील तर हळूहळू सुरुवात करायला हरकत नाही. एकही 'हो' असेल तर पुढच्या पानांवरचे प्रश्न आणि गरजेप्रमाणे डॉक्टर.

चाफाताई, वडिलांना किंवा भावाला ५५च्या आत, आई किंवा बहिणीला ६५च्या आत हृदयविकार झाला असेल तर ती जोखीम धरतात. तुमच्या वडिलांचं वय त्यात बसतं. म्हणून घाबरू नका, पण फॅमिली डॉक्टरांना एकदा भेटा. बीपी, शुगर आणि कोलेस्टेरॉल एवढं बघून घ्या. स्ट्रेस टेस्ट हवी की नको हे त्यांना ठरवू द्या.

बाकी मोजमापांसाठी मी एकच कसोटी लावते. ज्या आकड्यामुळे पहिल्या आठवड्याच्या व्यायामात काहीतरी बदल होणार आहे, तेवढाच आकडा घ्यायचा. तुमच्या कागदावरच्या ३६ टक्क्यांनी तुमचा कुठला व्यायाम बदलला? पॅकेज तर सगळ्यांना तेच दाखवतात.

ऋतुगंध

त्या यंत्राबद्दल थोडं. ते चरबी मोजत नाही, अंदाज बांधतं. शरीरातून अगदी सौम्य विद्युतप्रवाह सोडतात. पाणी जास्त असलेल्या स्नायूंतून तो सहज जातो, चरबीतून अडखळतो. त्या अडथळ्यावरून आणि तुमचं वय, उंची, वजन, लिंग यांवरून सूत्राने टक्केवारी काढतात. साहजिकच जेवण, पाणी, घाम, पाळी, नुकताच केलेला व्यायाम या सगळ्याने आकडा हलतो. सकाळ-संध्याकाळ वेगळा येतो. 'शरीराचं वय' हे तर प्रत्येक कंपनीचं स्वतःचं गणित, ते मनाला लावून घेऊ नका.

आणि महत्त्वाचं : पेसमेकर असलेल्यांनी त्या यंत्रावर उभं राहू नये. ट्रेनरने हे आधी विचारायला हवं.

टिटवी

वाचतेय. पायवाट, मग घरी काय करायचं ते क्रमाने सांगाल का? बीपीचं मशीन आहे, मोजपट्टी आहे.

पायवाट

सांगते.

सकाळी उठल्याउठल्या, अंथरुणातच नाडी. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला दोन बोटं ठेवून पूर्ण मिनिट मोजायची, पंधरा सेकंदांना चारने गुणू नका. आपला अंगठा वापरायचा नाही, त्याचे स्वतःचे ठोके जाणवतात. तीन-चार सकाळींची सरासरी घ्या. मोठ्या माणसांत विश्रांतीची नाडी साधारण ६० ते १०० असते. ती सतत शंभराच्या वर असेल किंवा ठोके अनियमित वाटत असतील तर व्यायामाआधी डॉक्टर. नाडी मोजताना लय जाणवते, म्हणून नाडी दाखवणारं घड्याळ हातात असलं तरी बोटांनी मोजायला शिका.

बीपी चुकीचं मोजण्याचं प्रमाण फार आहे. आधी अर्धा तास चहा-कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. लघवी तुंबलेली नको. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. पायावर पाय टाकायचा नाही. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर हृदयाच्या पातळीत टेकवलेला. पट्टा दंडाला लहान पडत असेल तर आकडा उगाच जास्त येतो. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी. मोजताना बोलायचं नाही. गप्पा मारल्यानेही बीपी वाढलेलं दिसतं.

कंबर : शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, सहज श्वास सोडल्यावर. पोट आत ओढायचं नाही. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, हा लक्षात ठेवायला सोपा ठोकताळा. बीएमआयपेक्षा (उंचीच्या मानाने वजन) मला कंबर जास्त उपयोगी वाटते, कारण वजन तेच राहूनही कंबर उतरते आणि माणसाचा हुरूप टिकतो. वजन एका दिवसात किलो-दीड किलो पाण्यामुळेच इकडेतिकडे होतं.

मग दमसास. गुडघे ठणठणीत असतील तर तीन मिनिटांची स्टेप टेस्ट. ३० सेंटीमीटर उंचीची भक्कम पायरी, मोबाइलवर मेट्रोनोम (एका लयीत ठोके देणारं ॲप) मिनिटाला ९६ ठोक्यांवर लावायचा. एक पाय वर, दुसरा वर, एक खाली, दुसरा खाली, प्रत्येक ठोक्याला एक पाऊल. म्हणजे मिनिटाला २४ वेळा चढउतार. तीन मिनिटं झाली की लगेच बसा आणि पुढचं पूर्ण मिनिट नाडी मोजा. तो आकडा लिहून ठेवा. चार्टमध्ये तुमचा नंबर कितवा लागतो हे सोडून द्या. दोन-अडीच महिन्यांनी हाच आकडा किती उतरला ते बघायचंय. मध्येच छातीत दुखलं, गरगरलं, नेहमीपेक्षा वेगळी धाप लागली तर तिथेच थांबा.

गुडघे कुरकुरत असतील तर चालण्याची चाचणी. सपाट रस्त्यावर एक मैल, म्हणजे १६०९ मीटर, झेपेल तितक्या झपझप चालायचं. ४०० मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या आणि वर थोडंसं. लागलेला वेळ आणि संपताक्षणीची नाडी, दोन्ही लिहा. १२ मिनिटांत जास्तीत जास्त अंतर पळायची कूपर टेस्ट नवख्यांनी करू नये. ती १९६८ साली सैन्यातल्या जवानांसाठी पुढे आली, बैठ्या माणसाने पहिल्याच दिवशी जिवाच्या आकांताने धावण्यात शहाणपणा नाही.

ताकद आणि हालचालीचं वेगळं लिहिते, ते जास्त महत्त्वाचं आहे.

हेरंब

माहिती उत्तम, पण एक शंका. इतकं सगळं मोजत बसलं तर माणूस सुरूच करणार नाही. माझे कितीतरी मित्र पहिला रिपोर्ट पाहूनच खचले. त्यापेक्षा जाऊन हलकं हलकं सुरू करावं, शरीर आपोआप सांगतं.

अनुजा_प

हेरंब, शरीर सांगतं, पण उशिरा सांगतं. माझ्या धाकट्या भावाचं सांगते. वय २६, तब्येत उत्तम, म्हणून पहिल्याच दिवशी ट्रेनरने पाय उचलेनासे होईपर्यंत स्क्वॉट्स (उठाबशा) आणि लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणं) करून घेतले. आधी व्यायाम करत होतास का, एवढं विचारलं असतं तरी कळलं असतं की दोन वर्षं काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी जिना उतरता येईना, सगळे म्हणाले होतंच असं. तिसऱ्या दिवशी मांड्या सुजून टणक झाल्या आणि लघवी काळ्या चहासारखी. डॉक्टरांनी तडक दाखल करून घेतलं, स्नायू तुटून त्यातले घटक रक्तात उतरले होते. किडनी वाचली, सलाइनवर बरेच दिवस गेले. तेव्हापासून कुणी 'पहिल्या दिवशी घाम काढतो बघ' म्हणालं की मी तिथेच अडवते.

पायवाट

अनुजा, बरं झालं लिहिलंत. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. साधं अंग दुखणं व्यायामानंतर एक ते तीन दिवसांत शिगेला जातं आणि उतरतं. पण लघवीचा रंग गडद तपकिरी झाला, सूज आली, वेदना सोसवेना, तर वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं. तरुण, धडधाकट माणसाला होतं ते याच कारणाने : दम असतो, जिद्द असते, स्नायूंना सवय नसते.

हेरंब, खचण्याचा मुद्दा खरा आहे. म्हणूनच मी पास-नापासचे तक्ते लोकांना दाखवत नाही. आता ताकद.

नवख्याने 'एकदाच जास्तीत जास्त किती वजन उचलतोस' ही चाचणी द्यायचीच नाही. त्यासाठी आधी तंत्र बसायला हवं. काही आठवड्यांनी अंदाज हवाच असेल तर हलक्या वजनावरून सूत्राने काढता येतो : वजन गुणिले (१ + आवृत्त्या भागिले ३०). २० किलो दहा वेळा व्यवस्थित उचललं तर साधारण २६-२७ किलो.

सुरुवातीला एवढंच पुरे. साधारण ४३ सेंटीमीटर उंचीची, भिंतीला टेकवलेली खुर्ची. हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं. ही मुळात ज्येष्ठांसाठीची चाचणी, पण बैठ्या चाळिशीतल्या माणसालाही बरंच सांगून जाते. आकड्याइतकंच निरीक्षण महत्त्वाचं. उठताना गुडघे आत वळतात का? एकाच पायावर भार जातो का? हे कुणाकडून तरी समोरून आणि बाजूने व्हिडिओ काढून घेऊन बघा.

पुश-अप्स भिंतीवर, मग टेबलाच्या कडेवर, मग जमिनीवर. जिथे आठ-दहा नीट होतात, कंबर न लोंबता, ती तुमची पायरी. जमिनीवर एकही होत नसेल तर टेबलापासून सुरू करायचं, गुण कापायचे नाहीत.

आता माझी आवडती तपासणी, घोट्याची. भिंतीसमोर एक पाय पुढे ठेवून उभे राहा, बोटं भिंतीकडे. टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायचा. लागला तर पाऊल एक सेंटीमीटर मागे. असं करत जिथे टाच उचलायला लागते तिथलं भिंतीपासून अंगठ्याचं अंतर मोजायचं. दहा सेंटीमीटरच्या आसपास आलं तर छान. चार-पाचच येत असेल, किंवा दोन्ही पायांत मोठा फरक असेल, तर खोल स्क्वॉटमध्ये टाच उचलली जाणार, नाहीतर कंबर वाकणार. अशा माणसाला मी पहिले काही आठवडे बाकावर बसण्याइतकाच स्क्वॉट देते किंवा टाचेखाली पातळ फळी, आणि रोज घोट्याचं स्ट्रेचिंग. माझ्याकडे स्क्वॉट करून कंबर धरलेले लोक येतात, त्यातल्या कितीतरींचा घोटा कुणी तपासलेलाच नसतो.

तसंच खांदे. भिंतीला पाठ, कंबर आणि डोकं टेकून उभे राहा, हात सरळ डोक्यावर नेऊन भिंतीला लावा. कंबर भिंतीपासून सुटल्याशिवाय हात पोचत नसतील तर डोक्यावर वजन उचलण्याचे व्यायाम सध्या बाजूला.

शेवटी एका पायावर दहा सेकंद, डोळे उघडे, आधाराला भिंत जवळ. जमलं नाही तर सुरुवात यंत्रांवर किंवा दोन्ही पायांवरच्या व्यायामांनी.

वसंत६८

वय ६८. बीपीसाठी बीटा ब्लॉकर चालू, डॉक्टरांनी व्यायामाला परवानगी दिली आहे. घड्याळ सांगतं की माझी जास्तीत जास्त नाडी १५२ आणि अमुक झोन गाठा. धाप लागते तरी नाडी शंभराच्या पुढे सरकत नाही. काय मोजावं?

पायवाट

काका, तो झोन विसरा. ती गोळी नाडीला वर जाऊच देत नाही, तिचं कामच ते. घड्याळाच्या आकड्यामागे धावलात तर झेपेल त्यापेक्षा जास्त व्यायाम होईल.

घड्याळाने तो १५२ काढला ते २२० वजा वय हे सूत्र मुळात ढोबळच. गोळी न घेणाऱ्या माणसातही खरी नाडी दहा-बारा ठोक्यांनी इकडेतिकडे सहज असते. २००१ साली आलेलं २०८ वजा ०.७ गुणिले वय हे सूत्र वयस्कांसाठी जरा बरं, पण तुमच्या गोळीपुढे दोन्ही निरुपयोगी. तुम्ही बोलण्याची कसोटी लावा. चालताना पूर्ण वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, हा मध्यम व्यायाम. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर कमी करा. व्यायाम संपवताना एकदम थांबू नका, पाच-दहा मिनिटं वेग हळूहळू उतरवा. या गोळ्यांवर अचानक थांबलं की चक्कर येऊ शकते. खुर्चीची आणि तोलाची चाचणी मात्र जरूर करा, शेजारी कुणीतरी उभं असताना.

जुईली

बाळ सात महिन्यांचं आहे. जिमवाले म्हणतात सहा महिने झाले, सगळं चालेल. शिंकताना, दोरीवरच्या उड्या मारताना थोडी लघवी होते. कुणाला विचारायलाही संकोच वाटतो.

पायवाट

जुईली, अगदी योग्य ठिकाणी विचारलंस. हे खूप बायकांना होतं आणि बहुतेकींचं उपचारांनी बरं होतं, सोसत राहायचं कारण नाही. उड्या, धावणं आणि जड वजनं आत्ता थांबव. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून डोकं थोडं उचल आणि बेंबीच्या वर-खाली मध्यरेषेवर बोटं आडवी ठेवून बघ. दोन बोटांहून जास्त खाच लागत असेल किंवा मधोमध पोट उंचवट्यासारखं वर येत असेल तर क्रंचेस आणि प्लँक हे पोटाचे व्यायामही नकोत. ओटीपोटाच्या स्नायूंवर काम करणाऱ्या फिजिओकडे एकदा तपासून घे. महिने मोजून कुणी परवानगी देऊ नये, स्नायू तपासून द्यावी.

ऋतुगंध

मधुमेहींसाठी एक भर. इन्शुलिन किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या (सल्फोनिलयुरिया गटातल्या) चालू असतील तर पहिले काही दिवस व्यायामाआधी आणि नंतर ग्लुकोमीटरने मोजावं. आधीच ९० च्या खाली असेल तर काही खाल्ल्याशिवाय सुरू करू नये. आणि डोळ्यांचा पडदा तपासलेला असावा. मधुमेहाने तिथे नाजूक नव्या रक्तवाहिन्या आल्या असतील तर श्वास कोंडून जड वजन उचलणं धोक्याचं.

टिटवी

पुन्हा कधी मोजायचं?

पायवाट

आठ ते बारा आठवड्यांनी. वेळ तीच, पायरी तीच, खुर्ची तीच, बूट तेच. पहिल्या महिन्यात वजनं भराभर वाढतात ती मुख्यतः मेंदू आणि नसा स्नायूंना नीट कामाला लावायला शिकतात म्हणून. स्नायूंची वाढ दिसायला त्याहून वेळ लागतो. दर आठवड्याला मोजाल तर मोजण्यातली चूक आणि खरा फरक वेगळा काढता येणार नाही. एखादाच आकडा रोज हवा असेल तर सकाळची नाडी. ती एरवीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी वर दिसली तर झोप, ताप, थकवा काय ते बघून त्या दिवशी हलकं घ्या.

चाफा

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे केलं. नाडी ७४. कंबर उंचीच्या निम्म्याहून चार सेंटीमीटर जास्त. खुर्ची १४ वेळा, पण व्हिडिओत उजवा गुडघा स्पष्ट आत वळतोय. घोटा डावा ९, उजवा ५. त्या पायाला कॉलेजात असताना मुरगळ झाली होती, ती मी विसरूनही गेले होते.

काळजी वाटते ती बीपीची. दोनदा मोजलं, १४२/९० आणि १३८/८८. स्टेप टेस्ट केली नाही.

पायवाट

केली नाहीत हे उत्तम. एका दिवसाच्या आकड्यावरून निदान होत नाही. सात दिवस सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा मोजा, पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर उच्च रक्तदाब धरतात. ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि वडिलांचं सांगायला विसरू नका. मधेच १८०/१२० च्या घरात आकडा आला तर सात दिवस थांबू नका. सोबत छातीत दुखणं, धाप, दिसण्यात फरक असं काही असेल तर तडक इमर्जन्सीत.

तोवर रोजचं चालणं चालू ठेवा. उजव्या घोट्याला रोज भिंतीशी स्ट्रेचिंग द्या, दुखेल इतकं नको. डॉक्टरांनी होकार दिला की ट्रेनरला दोन गोष्टी स्पष्ट सांगा : स्क्वॉट बाकापर्यंतच, आणि कुठलंही वजन उचलताना श्वास रोखायचा नाही, उचलताना सोडायचा. पहिले दोन आठवडे प्रत्येक सेटला अजून तीन-चार वेळा जमलं असतं अशा ठिकाणी थांबा.

चाफा

वही आजपासून सुरू केली. डॉक्टरांची पुढच्या गुरुवारची वेळ घेतली आहे. जिमला फोन करून प्रवेशाची तारीख पुढे ढकलली आणि ट्रेनरला उजव्या पायाचा व्हिडिओ पाठवला. काय म्हणतात ते इथे लिहीन.